गवत कोंबलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे आणि शाळेतली तर मुळीच नव्हे, तेव्हा निर्धास्त बसा. मी बैलाच्या गळ्यातली घंटा. माझ्या कडेला आता बोटभर चीर आहे, अंगावर हिरवट डाग चढलेत, आणि पोटात कुठल्याशा पाखराने दोनदा घरटं करून पाहिलंय. तरी मला बोलायचं आहे. जन्म वाजण्यासाठी झाला आणि निम्मं आयुष्य गप्प राहण्यात गेलं, त्यामुळे साठलेलं पुष्कळ आहे.

करवीरच्या गादीवर शाहू महाराज येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हाची मी. कोल्हापुरात ज्ञानू ओतारी नावाचा कारागीर होता. त्याने मेणाचा आकार घडवला, त्यावर शेणमातीचा लेप दिला, मग मेण वितळवून काढलं आणि त्या पोकळीत रसरशीत कासं ओतलं. साचा फोडून मला बाहेर काढलं, आत लोलक बसवला आणि एकदाच हलवलं. शेजारच्या घरातली माणसं हातातली कामं टाकून दारात आली. ज्ञानू मिशीवर हात फिरवत म्हणाला, "ही पोरगी दोन कोसांवरनं ऐकू येतीया बघा!"

झालं. जन्मल्या दिवशीच माझ्या डोक्यात वारं शिरलं.

मलकापूरच्या मीरासाब गाडीवानाने मला नेलं. उंच, सडपातळ, बोलायला मऊ असा माणूस. स्वतःच्या जेवणाची शुद्ध नसायची, पण बैलांची वैरण कधी चुकली नाही. पाखऱ्या आणि चांद्या अशी त्याची जोडी. मला त्याने पाखऱ्याच्या गळ्यात बांधलं. त्याची लेक ताजबी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. बिनआईची पोर. दर शुक्रवारी ती मला चिंचेने घासायची, पदराच्या टोकाने पुसायची आणि माझ्यात स्वतःचं तोंड बघून खुदकन हसायची. माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

कोल्हापूरच्या पेठेतून गूळ भरायचा, मलकापूरवरून घाट उतरून कोकणात न्यायचा, येताना मीठ, नारळ आणि सुकी मासळी आणायची, असा आमचा धंदा होता. त्या मासळीचा वास अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. वाटेवरच्या वाड्यांमधली माणसं माझा आवाज ओळखायची. "मीरासाबची गाडी आली रं!" असं कुणी ओरडलं, की मी मुद्दाम जोरात वाजायची. खोटं कशाला सांगू?

पण घाटात एक जागा होती, तिथे माझा पार पाणउतारा व्हायचा. तिला झरीची कड म्हणत. डाव्या हाताला उभा डोंगर, उजव्या हाताला दरी, आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. वरची माती सैल, तांबडी, दगडगोट्यांची. पावसाळ्यात त्या कडेवरून कधी ओंजळभर खडे यायचे, तर कधी अर्धा डोंगर. कोकणातून वर येताना कडेच्या अलीकडे एक झरा होता आणि पलीकडे एक मोठं जांभळीचं झाड. ही दोन ठिकाणं पक्की. मधला शे-दीडशे पावलांचा टप्पा तेवढा बेभरवशाचा.

तिथली रीत आकाराम सांगायचा. आकाराम शाहूवाडीकडचा शेतकरी. भातं लावून झाली, की आपली गाडी घेऊन आमच्याबरोबर यायचा. त्याचे केस पांढरे, बोलणं कमी, आणि बोलला की तोफच. सगळे त्याला तात्या म्हणत. झऱ्यापाशी तो गाड्या थांबवी. आधी झऱ्यात हात घालून पाणी नितळ आहे की गढूळ ते बघे. वरची झाडं पूर्वीपेक्षा कलली आहेत का ते न्याहाळी. मग एकच गाडी पुढे सोडी. ती जांभळीखाली पोचेपर्यंत दुसऱ्याने जागचं हलायचं नाही. माणसांनी गाडीतून उतरून पुढे चालायचं. एकाने मागे झऱ्यापाशी उभं राहून नजर फक्त वर डोंगरावर ठेवायची. आणि शेवटी तो ते ठरलेलं वाक्य बोले, "घंटा बांधा, कान उघडं ठेवा."

घंटा बांधा म्हणजे काय, तर मूठभर गवत घ्यायचं आणि माझ्या तोंडात कोंबायचं! लोलक जागचा हलू नये असं, घट्ट. मित्रांनो, तुम्ही छान गाणं म्हणत असताना कुणी तुमच्या तोंडात बोळा कोंबला तर तुम्हांला काय वाटेल? मला तेच वाटायचं. एवढं करून पलीकडे गेल्यावर गवत काढायचं कुणाला आठवायचं नाही. कितीदा तरी मी मलकापुरापर्यंत गवत चघळत गेले आहे.

एकदा ताजबीने विचारलं, "बाबा, हिच्या तोंडात गवत कशाला?"

मीरासाब म्हणाला, "डोंगर निजलेला असतोय, बाळ. घंटा वाजली की जागा हुतोय आन् कूस पालटतोय."

हे त्याला त्याच्या बापाने सांगितलं होतं, बापाला त्याच्या बापाने. मला मात्र मनातून बरं वाटलं. माझ्या आवाजाने डोंगर जागा होतो म्हणजे मी कोण लागून गेले!

वर्षं गेली. ताजबी मोठी झाली आणि घाटाखाली साखरप्याला दिली गेली. मला घासणारं कुणी उरलं नाही. मीरासाबचा गुडघा घाटात पडून अधू झाला आणि त्याचा धाकटा भाऊ सिकंदर गाडी हाकायला आला. सिकंदर सात-आठ वर्षं कुठे लांब रेल्वेच्या कामावर सुरुंग लावायला होता. गडी मोकळा, हसरा, अंगाने धडधाकट, आणि जगाचं सगळं आपल्याला ठाऊक आहे अशा थाटाचा. मला तो फार आवडला. कारण पहिल्याच फेरीला गवत बघून तो आकारामला म्हणाला, "तात्या, आम्ही सुरुंगाचं बार उडवलं, तवा शेजारचा डोंगर ढिम्म हलला न्हाय. आन् ह्या एवढ्याशा घंटेनं डोंगर पडतोय व्हय? डोंगराला काय कान हाईत?"

आकारामने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गप गवत कोंब."

सिकंदरने कोंबलं. पण पटलं नव्हतं. पटलेलं नसताना केलेली गोष्ट किती दिवस टिकणार?

त्या वर्षी ताजबीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आषाढातच तिला आणायचं, पण तिची सासू अंथरुणाला खिळली आणि ताजबी तिला सोडून निघेना. सासू उठून बसेपर्यंत भाद्रपद सरत आला. हस्ताचा पाऊस दोन दिवस धो धो कोसळला आणि मग चार दिवस लख्ख ऊन पडलं. मीरासाब म्हणाला, "आता थांबाय नको." बिनआईच्या लेकीचं बाळंतपण आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर व्हावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. त्याने घर सारवून घेतलं होतं, शेजारच्या बयाबाई सुईणीला सांगून ठेवलं होतं.

साखरप्याहून परत निघालो ते दोन गाड्यांनी. पुढे आकारामची नारळांची, मागे आमची. ताजबी गाडीत गवताच्या गादीवर टेकून बसलेली. निघताना तिने मला हात लावला आणि म्हणाली, "अगं बया, केवढी काळी पडलीयास!" मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा आम्ही झऱ्यापाशी पोचलो. आकारामने पाण्यात हात घातला. पाणी नितळ होतं, पण धार करंगळीएवढी.

"झरा बारीक झालाय," तो पुटपुटला.

"चार दिस ऊन पडलंय, तात्या," सिकंदर म्हणाला. "बारीक हुणारच की."

आकाराम क्षणभर घुटमळला. मग त्यालाही ते पटलं. तो म्हणाला, "एकेक जाऊ. पोरीला उतरून चालू दे. मीरासाब, तू मागं थांब, वर बघ. घंटा बांधा, कान उघडं ठेवा." आणि तो आपली गाडी घेऊन निघाला आणि सुखरूप जांभळीखाली पोचला.

आमची पाळी आली. ताजबी उतरायला लागली, तर तिच्या पायाला सूज, तोंडावर शीण. सिकंदर म्हणाला, "बस गं. शंभर पावलांसाठी कशाला उतरतीस?" मीरासाब तिकडे झऱ्यापाशी मान वर करून उभा होता. त्याचं इकडे लक्ष नव्हतं. गाडी कडेखाली वीसेक पावलं गेली असेल. सिकंदर खाली उतरून पाखऱ्याच्या मानेशी आला आणि माझ्या तोंडातलं गवत त्याने खसकन उपसून दरीत फेकलं.

"ताजे, पहिलटकरीण माहेराला चाललीया, आन् ती काय मुक्यानं? वाजत जाऊ. डोंगर पडतोय का ते बघूच!"

आणि मी वाजले. मित्रांनो, मी आयुष्यात इतकी जोरात कधी वाजले नव्हते. इतक्या वर्षांची कोंडलेली हौस, त्यात सगळ्या दरीतून माझाच आवाज घुमून परत येत होता. ताजबी हसत होती. पलीकडे जांभळीखाली आकाराम दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होता. सिकंदरला वाटलं, घंटेवरून शिव्या देतोय. त्याने हसून हात हलवला आणि बैलांना चुचकारलं. मागून मीरासाब ओरडत होता. तेही कुणाला ऐकू गेलं नाही. मला तरी कुठे गेलं? मला माझ्याखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं.

मग माझ्यावर एक हात पडला. मीरासाबचा. त्या अधू गुडघ्याने तो माणूस धावत आला होता. एका हाताने त्याने पाखऱ्याच्या मानेला मिठी मारली आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत मला लोलकासकट आवळलं.

एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत सगळ्यांना ते ऐकू आलं. वरून, कुठूनतरी झाडीआडून, सुपातून हरभरे घरंगळावेत तसा आवाज. खडखड, खडखड, थोडा थांबून पुन्हा. पावसाचं पाणी डोंगराच्या पोटात तटून राहिलं होतं. म्हणूनच झरा बारीक झाला होता.

"गाडी सोडा!" आकारामचा आवाज आता स्पष्ट आला. "माघारी पळा! पोरीला घ्या!"

मीरासाबने मला सोडलं नाही; तो वळला तसा माझा पट्टाच तुटला. एका हाताने त्याने ताजबीला ओढून खाली घेतलं. सिकंदरने तिला उचलून खांद्यावर टाकलं आणि तो झऱ्याकडे धावत सुटला. मीरासाबने जुवाची खीळ उपसून चांद्याला मोकळं केलं आणि झऱ्याकडे पिटाळलं. पाखऱ्याची खीळ मात्र फुगून घट्ट बसली होती, निघेना. त्याने एकदा ओढली, दोनदा ओढली. खडे आता गाडीच्या साटीवर पडायला लागले. पलीकडून आकाराम जिवाच्या आकांताने ओरडला, "मीरासाब, लेकीकडं बघ!" तेव्हा तो मागे फिरला. मी अजून त्याच्या मुठीतच होते.

तो झऱ्याजवळच्या खडकाआड पोचला आणि डोंगर आला. काय वर्णन करू? माती, दगड, झाडं, सगळं एकाच वेळी. जरा वेळाने तांबडी धूळ बसली, तेव्हा वाट नव्हती, गाडी नव्हती आणि माझा पाखऱ्या नव्हता. पाच वर्षं मी त्याच्या गळ्यात होते. त्याच्या मानेची ऊब मला अजून आठवते.

आकाराम वरच्या रानातून वळसा घालून आला, तेव्हा ऊन कललं होतं. ताजबी खडकाला टेकून बसली होती. मीरासाब तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. आणि सिकंदर, तो हसरा, धडधाकट सिकंदर, मातीत बसून कपाळ बडवून घेत होता.

"तात्या, माझ्या घंटेनं डोंगर पाडला. तुमी सांगत हुता, मी ऐकलं न्हाय. मी डोंगर जागा केला!"

मी मीरासाबच्या मुठीत होते. मला वाटलं, आता हे मला दरीत फेकणार, आणि फेकावंच.

आकाराम त्याच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "न्हाय रं. तुझ्या घंटेनं न्हाय पडला. तू गप गेला असतास तरी पडणारच हुता. डोंगराला कान न्हाईत, ते तू म्हणतोस ते खरंच हाय. कान आपल्याला हाईत."

त्याने पायाशी पडलेला एक बारीक खडा उचलून सिकंदरच्या हातात ठेवला.

"दरड यायच्या आदी खडं येत्यात. बारीक. ते ऐकू आलं की माणूस वाचतंय. घंटा वाजत असली की कसं ऐकू येणार? म्हणून गवत."

मग मीरासाबने, कधी आवाज न चढवणाऱ्या त्या माणसाने, विचारलं, "तात्या, मग हे आदी का न्हाय सांगितलं? मी जल्मभर पोरीला सांगितलं, डोंगर निजलाय म्हणून."

आकारामने मान खाली घातली. "कुणी इचारलं न्हाय. आन् सिकंदरानं इचारलं तवा मी गप म्हणालो. भ्या दावलं की माणूस लौकर ऐकतंय, असं वाटलं. चूक माझी हाय, मीरासाब. तुझा बैल मी मारला."

मीरासाबने त्याचा हात धरला. दोघेही रडत होते. मीही रडले असते, पण घंटेला तेवढी सोय नसते.

ताजबीला मलकापुरापर्यंत नेता आलं नाही. ती साखरप्यालाच परत गेली आणि आठव्या दिवशी तिला मुलगी झाली. सासरच्या ओसरीवर रात्रंदिवस बसून राहिलेल्या मीरासाबने नातीला पहिल्यांदा हातात घेतलं. तिचं नाव नजीरा ठेवलं.

वाट पुन्हा झाली, तेव्हा सिकंदरने मीरासाबकडे मला मागून घेतलं. झऱ्यापाशी खडकाला लागून त्याने ऐनाचा एक खांब रोवला, त्यावर मला टांगलं आणि लोलकाला दोरी बांधली. दर पावसाळ्यात तो तिथे खोपटं बांधून बसायचा. प्रत्येक गाडी थांबवायचा, बैलांच्या घंटांत स्वतःच्या हाताने गवत कोंबायचा आणि 'का' तेही सांगायचा. कुणी विचारो न विचारो, सांगायचाच. घाईतल्या गाडीवानांना त्याचा वैताग यायचा. वाटेवरच्या इतर सगळ्या घंटा गप्प, आणि मी एकटी तयार. वर खडे वाजले, झरा गढूळ झाला किंवा एकाएकी थांबला, तरच दोरी ओढायची. दहा वर्षांत मी फक्त चार वेळा वाजले. पण माझ्या त्या आवाजावर गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि चारांपैकी दोनदा डोंगर खरंच आला. ज्ञानू ओताऱ्याच्या दारातल्या कौतुकापेक्षा मला त्या चार वेळा जास्त प्रिय आहेत.

नजीरा आजोळी येता-जाता खोपटात थांबायची. फार चौकस पोर. "सिकंदरनाना, हे का? ते का?" आणि सिकंदर एकाही 'का'ला गप म्हणाला नाही.

पुढे कडेला दगडी बांध झाला. माणसं म्हणाली, आता काय भीती! मोटारी सुरू झाल्या. सिकंदरला दम्याने गाठलं आणि त्याचं घाटात येणं सुटलं. खोपटं मोडलं, माझी दोरी कुजली आणि एके दिवशी तुटून पडली. मला कुणी घंटा म्हणेना. कुणी टोपी अडकवी, कुणी ओलं घोंगडं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. नजीरा, आता पंधरा वर्षांची, आजारी सिकंदरनानाला बघायला आपल्या बापाबरोबर चालत वर येत होती. पाणी प्यायला झऱ्यावर वाकली आणि तशीच थांबली. पावसाचे दिवस, आणि झऱ्याला थेंब नाही. तेवढ्यात जांभळीकडून एक मोटार भोंगा वाजवत, घरघर करत वळणावर आली. आत माणसं खचाखच. नजीराने माझ्याकडे धाव घेतली. दोरी नाही! तिने पायाशी पडलेला दगड उचलला आणि माझ्या अंगावर मारला. एकदा, दोनदा, पाचदा. तिसऱ्या घावाला मला चीर गेली. दुखलं. पण मी वाजले, मित्रांनो.

मोटार जांभळीपाशी थांबली. चालक डोकं बाहेर काढून खेकसला, "काय झालं गं? बांध घातलाय की आता!"

"पावणं, आदी इंजन बंद करा," नजीरा ओरडली. "आन् मग ऐका."

त्याने बंद केलं. सगळी माणसं गप्प बसली. आणि मग त्यांना वरून येणारी ती खडखड ऐकू आली. मोटार जांभळीमागे ढकलत नेली, आणि घटकाभराने बांधासकट कड खाली गेली.

आता माझा आवाज फुटका झाला आहे. मला नवी झळाळी द्या, देव्हाऱ्यात बसवा, असं मी म्हणत नाही. माझं मागणं लहान आहे. माझी दोरी तेवढी दर वर्षी बदला. धाकट्यांना एखादी रीत सांगाल तेव्हा तिचं कारणही सांगा, भीती घालून उरकू नका. आणि त्या कडेखालून जाल तेव्हा आपली घंटा, आपला भोंगा, आपलं बोलणं घटकाभर बांधून ठेवा. डोंगराला कान नाहीत. तुम्हांला आहेत.